एम-बोट आणि आर-बोट: दोन्ही माइनस्वीपर, मग फरक कुठे?

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन नौदलाबद्दल वाचताना एम-१७ किंवा आर-१७ असं काही दिसलं, की दोघींना सरसकट 'माइनस्वीपर', म्हणजे समुद्रातले सुरुंग काढणारं जहाज, म्हणून आपण पुढे जातो. चुकीचं नाही. पण एम-बोटीपुढे आर-बोट उभी केली तर ती होडीच वाटेल.

१९३५ च्या आराखड्याची एम-बोट म्हणजे पोलादी जहाज. लांबी ६८ मीटर, वाफेवर चालणारं, वर १०.५ सेंटिमीटरच्या दोन तोफा. सुरुंग काढता काढता ती ताफ्याची राखण करायची, वेळ पडली तर स्वतः सुरुंगही पेरायची. बॉयलर मात्र नखऱ्याचे आणि तेल पिणारे. युद्धात तेलाची चणचण भासल्यावर पुढच्या, १९४० च्या आराखड्यात जर्मनांनी मुकाट्याने कोळसा घेतला.

आर-बोटीचं सगळंच वेगळं. ती बांधणारं मुख्य आवार वेझर नदीकाठच्या लेमवेर्डरचं, यॉट बांधण्यात मुरलेलं. त्यामुळे हलक्या धातूच्या सांगाड्यावर लाकडी फळ्या आणि आत डिझेल इंजिन. आर-१७ च्या गटातली बोट जेमतेम ३७ मीटरची. तिच्या बुडाखाली नेहमीचा पंखा नव्हता. ताकात रवी सोडावी तशी उभी पाती खाली लोंबायची. ती गोल फिरता फिरता कलायची आणि बोटीला हव्या त्या दिशेला रेटायची, त्यामुळे सुकाणूची गरजच नाही.

खरी गोम बोट पाण्यात किती खोल बुडते यात आहे. त्या काळचा नांगरलेला सुरुंग तळातल्या वजनाला दोराने बांधून पृष्ठभागाच्या थोडा खाली तरंगत ठेवलेला असे. मागे ओढलेल्या तारेवरच्या कातऱ्यांनी तो दोर तोडायचा, सुरुंग वर आला की गोळ्या घालून बुडवायचा किंवा फोडायचा. पण तार मागे असते आणि जहाज पुढे! आर-बोट पाण्यात दीडेक मीटरच बुडायची, म्हणून पुष्कळदा सुरुंगावरून सुखरूप निघून जायची. एम-बोटीला हे जमणं अवघड. माझं मत विचाराल तर नुसत्या सुरुंगांसाठी छोटीच बरी. खवळलेल्या समुद्रात मात्र मोठीला पर्याय नव्हता.

उथळ पाण्यात शिरता येतं म्हणून आर-बोटींच्या गळ्यात भलतीच कामंही पडली. ९ एप्रिल १९४० ला नॉर्वेतल्या होर्टेन बंदरात त्यांनी सैनिक उतरवले. त्यातल्या आर-१७ वर नॉर्वेच्या 'उलाव त्रिग्वासोन'ने तोफा डागल्या, बोटीवरचे पाणबुडीविरोधी बाँब फुटले आणि ती तिथेच संपली. 'उलाव त्रिग्वासोन' हे सुरुंग पेरणारं जहाज होतं.