वाय-फायचा टॅब की सिमचा टॅब? पहिला टॅब घेण्याआधी एवढं बघाच

जळगावचं गोलाणी मार्केट असो की धुळ्या-नंदुरबारचं एखादं दुकान, एकाच कंपनीचे दोन टॅब काउंटरवर शेजारी ठेवले तर वेगळे ओळखू येत नाहीत. स्क्रीन तीच, कॅमेरा तोच, रंगही तोच. किमतीत मात्र स्वस्तातल्या अँड्रॉइड टॅबला दोन-चार हजारांचा फरक. गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, यामा सिम चालस का?" 'नाही' असं उत्तर आलं की अनेकांना वाटतं, मग यात नेटच चालणार नाही. नाहीतर उलट होतं: दोन हजार वाचले म्हणून वाय-फायचा टॅब घरी येतो आणि तिसऱ्या दिवशी कळतं की तो मुलाला होस्टेलवर द्यायचा होता आणि तिथे वाय-फाय नाही.

नेट दोन्हींत चालतं. वाय-फायचा टॅब ते दुसऱ्याकडून घेतो, म्हणजे घरच्या राउटरकडून किंवा कुणाच्या तरी फोनच्या हॉटस्पॉटवरून. सिमचा टॅब थेट टॉवरशी जोडला जातो, शिवाय त्यात वाय-फायही असतंच. म्हणून आपण विचारायला हवं ते वेगळंच: हा टॅब दिवसभर कुणाच्या हातात असेल, आणि त्या माणसाजवळ चालू फोन असेल का?

डब्यावरचे दोन चकवे

पहिला चकवा '५जी'चा. स्वस्त टॅबच्या डब्यावर किंवा ऑनलाइन वर्णनात '५जी वाय-फाय' असं ठळक लिहिलेलं असतं. त्याचा मोबाइलच्या ५जीशी काही संबंध नाही. ते ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय, म्हणजे राउटर आणि टॅब यांच्यामधली लहर. त्या टॅबमध्ये सिम जाईलच असं नाही, बहुतेक वेळा जात नाही. सिमच्या टॅबवर नुसतं '५जी' किंवा 'एलटीई' (म्हणजे ४जी) लिहिलेलं असतं, आयपॅडवर 'वाय-फाय + सेल्युलर'.

दुसरा चकवा बाजूच्या ट्रेचा. पिन टोचून बाहेर येणारा ट्रे दिसला की माणसाला वाटतं, सिमची जागा आहे. वाय-फायच्या बऱ्याच टॅबमध्येही असा ट्रे असतो, पण तो मेमरी कार्डाचा. त्यात सिम बसवायला गेलं तर ते अडकतं आणि ओढताना आतल्या पिना वाकतात.

खात्रीची खूण म्हणजे आयएमईआय, मोबाइल नेटवर्कवर उपकरण ओळखण्याचा क्रमांक. सिमच्या टॅबच्या डब्यावर १५ अंकी आयएमईआय छापलेला असतो. वाय-फायच्या टॅबवर फक्त सीरियल नंबर असतो. टॅब चालू असेल तर सेटिंगमध्ये 'अबाउट टॅबलेट' उघडा, तिथेही तेच दिसेल. मॉडेल नंबरही बघून घ्या. सॅमसंगच्या ए९ प्लसमध्ये एक्स२१० हा वाय-फायचा आणि एक्स२१६ हा ५जीचा. साध्या ए९ मध्ये एक्स११० वाय-फायचा, एक्स११५ एलटीईचा. नाव एकच, फरक शेवटच्या आकड्यात. ऑनलाइन मागवताना चूक होते ती इथेच.

या आयएमईआयचा आणखी एक उपयोग आहे. टॅब चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार देऊन केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून आयएमईआय ब्लॉक करता येतो, मग तो टॅब कुठल्याच कंपनीच्या सिमवर चालत नाही. वाय-फायच्या टॅबला ही सोय नाही. तिथे गूगल किंवा ॲपलच्या खात्यावरून दुरून कुलूप लावणं एवढाच उपाय, म्हणून ते खातं पहिल्याच दिवशी नीट सुरू करून ठेवायचं.

सिम आहे म्हणजे फोन नव्हे

सिमच्या टॅबवरून फोन लागेलच असं गृहीत धरू नका. अँड्रॉइडच्या अनेक सिम टॅबवरून साधा कॉल लागतो, काहींवर फक्त डेटा चालतो. सेल्युलर आयपॅडवरून तर नेहमीचा मोबाइल कॉल लागतच नाही. कॉल हवा असेल तर दुकानातच आपलं सिम घालून नंबर फिरवून बघा.

यूपीआयचा मुद्दा याहून महत्त्वाचा. यूपीआय ॲप सुरू करताना बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून, त्याच उपकरणातून एक एसएमएस जावा लागतो. वाय-फायच्या टॅबमधून तो जाऊच शकत नाही. ओटीपीही फोनवरच येणार. ज्याचं मुख्य काम पैसे पाठवणं, बिलं भरणं, ओटीपी घेणं हेच आहे, त्याने टॅबवर पैसे घालू नयेत. तेवढ्या पैशांत बरा फोन येईल आणि कामाला येईल.

व्हॉट्सॲप मात्र सिमशिवाय चालतं. फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधून क्यूआर कोड स्कॅन केला की तोच नंबर टॅबवर सुरू. एका खात्याला अशी चार उपकरणं जोडता येतात. फोन १४ दिवस वापरलाच नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप बाहेर पडतात. गावी आजी-आजोबांसाठी टॅब ठेवून फोन कपाटात बंद केला की दोन आठवड्यांनी 'टॅब बिघडला' अशी तक्रार येते, ती याचमुळे.

हॉटस्पॉटवर टॅब चालवताना

बहुतेकांचं काम वाय-फायचा टॅब आणि फोनचा हॉटस्पॉट यांवर भागतं. आमचा कौल पहिल्या टॅबसाठी तिकडेच आहे. पण हॉटस्पॉटच्या तीन खोडी ठाऊक हव्यात.

टॅबला हॉटस्पॉट दिसतच नाही, ही सगळ्यांत जास्त ऐकू येणारी अडचण. फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर लागलेला असतो आणि काही स्वस्त टॅबना फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकू येतं. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड २.४ करा. आयफोनमध्ये 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' चालू करा. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते माहीत नसल्याने टॅब दुकानात परत आणले जातात.

दुसरी खोडी डेटाची. टॅबच्या लेखी हॉटस्पॉट म्हणजे वाय-फायच. ते मोजून मिळणारं नेट आहे हे त्याला दर वेळी कळतं असं नाही. मग तो ॲप अपडेट आणि फोटो बॅकअप बिनधास्त सुरू करतो आणि रोजचे दोन जीबी सकाळी नऊच्या आत संपतात. टॅबमध्ये त्या नेटवर्कच्या चाकावर टॅप करून ते 'मीटर्ड' ठेवायचं. व्हिडिओचा ढोबळ हिशेब असा: ४८०पीवर तासाला अर्ध्या जीबीच्या आसपास, ७२०पीवर एक ते दीड जीबी. ४८०पीवर रोज दोन तासांचं लेक्चर बघणाऱ्याचा दीड जीबीचा प्लॅन पुरतो, ७२०पीवर पुरत नाही.

तिसरी खोडी उन्हाची, आणि खानदेशात ती सोडून चालत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४३-४५ अंशांवर जातो. ॲपल आयपॅडसाठी वापराची मर्यादा ३५ अंश सांगते. हॉटस्पॉट चालू, फोन चार्जिंगला आणि पत्र्याच्या खोलीत पंखा गरम हवा फेकतोय, अशा वेळी फोन तापून हॉटस्पॉट मंदावतो किंवा बंद पडतो. फोन चार्जिंगवरून काढा, कव्हर काढा, माठाजवळच्या सावलीत फरशीवर ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका, आत पाणी धरतं. सिमच्या टॅबमध्ये फोनवरचा हा ताण नसतो, पण टॅब स्वतः तापतो आणि फार तापला की चार्ज होणं थांबवतो. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर दोन्हींपैकी कोणताही ठेवू नये.

लाइट गेली की

घरी फायबर आहे म्हणून वाय-फायचा टॅब घेतला, पण लाइट गेली की राउटर बंद आणि टॅबची बॅटरी भरलेली असूनही नेट नाही. उपाय स्वस्त आहे. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, त्यावर राउटर दोन-तीन तास चालतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे आकडे वाचा. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे. अँपिअर अडॅप्टरइतके किंवा जास्त चालतात, व्होल्ट मात्र तेवढेच हवेत. चुकीच्या व्होल्टचा यूपीएस लावला तर राउटर जळू शकतो.

पॉवर बँकेवर भिस्त असेल तर हेही लक्षात घ्या. टॅबची बॅटरी साधारण ७,००० एमएएचची असते. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून प्रत्यक्षात सहा-साडेसहा हजारच बाहेर पडतात, बाकी व्होल्टेज वाढवण्यात जातात. म्हणजे टॅब एकदाही पूर्ण भरत नाही.

शेतात आणि सातपुड्यात

सिमच्या टॅबचे पैसे खरोखर वसूल होतात ते इथे. आयपॅडच्या वाय-फाय मॉडेलमध्ये जीपीएस नसतो, सेल्युलरमध्ये असतो. अँड्रॉइडच्या वाय-फाय टॅबमध्ये काहींत असतो, काहींत नसतो. जीपीएस नसलेला टॅब आसपासच्या वाय-फायवरून जागेचा अंदाज बांधतो. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत आसपास राउटर कुठला? मग नकाशावरचा ठिपका भलत्याच ठिकाणी पडतो. शेताची हद्द मोजायची, ठिबकच्या लाइनीचा नकाशा करायचा, फोटोवर ठिकाणाची नोंद घ्यायची असेल तर 'जीपीएस' हा शब्द स्पेसिफिकेशनमध्ये वाचूनच टॅब घ्या. ई-पीक पाहणीसारखी ठिकाण मागणारी कामं फोनवरच करावीत. त्यासाठी टॅब घेण्याची गरज नाही.

धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यात किंवा तोरणमाळकडे सिमचा टॅब नेणार असाल तर गावात कोणत्या कंपनीची रेंज येते हे आधी विचारा, टॅब नंतर निवडा. टॅब त्या कंपनीच्या बँडचा, म्हणजे लहरींच्या पट्ट्याचा हवा. जिओला २जी-३जी नाहीच, त्यामुळे तिथे टॅबला जिओच्या ४जीचा बँड लागतोच. बीएसएनएलचं ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं. ७०० ची लहर लांब जाते आणि भिंती-झाडीतून बरी शिरते, डोंगराळ भागात ती महत्त्वाची. स्पेसिफिकेशनमध्ये तो 'बँड २८' असा लिहिलेला असतो. परदेशातून आणलेल्या स्वस्त टॅबमध्ये नेमका तोच नसला तर टॉवर समोर दिसतो आणि टॅबवर रेंज येत नाही.

पैशांचा हिशेब

दुकानातला दोन-चार हजारांचा फरक हा खरा खर्च नव्हे. वेगळ्या सिमचा रिचार्ज २८ दिवसांना ३०० रुपये धरला तर वर्षाला १३ रिचार्ज, म्हणजे ३,९००. तीन वर्षांत ११,७००. स्वस्त टॅबच्या किमतीएवढी रक्कम झाली! आयपॅडमध्ये उपकरणाचाच फरक मोठा आहे. २०२५ मध्ये आलेल्या ए१६ आयपॅडची भारतातली सुरुवातीची किंमत वाय-फायला ३४,९०० आणि सेल्युलरला ४९,९०० रुपये होती. वाय-फायचा आयपॅड घेतला तर वाचलेल्या पंधरा हजारांत हॉटस्पॉटसाठी एक ४जी फोन येतो.

मधला मार्गही आहे. सिमचा टॅब घ्यायचा, एरवी घरच्या वाय-फायवर चालवायचा, परीक्षेच्या किंवा हंगामाच्या दोन-तीन महिन्यांतच रिचार्ज मारायचा. फक्त ९० दिवस सिमचा काहीच वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो, म्हणून त्या नंबरला बँक किंवा आधार जोडू नका.

मग टॅब घ्यावा का?

वाचनासाठी असेल तर आकारावर ठरवा. ए-फोर कागदाची पीडीएफ ६.७ इंची फोनवर रुंदीने मूळच्या एक तृतीयांश दिसते, ८.७ इंची टॅबवर निम्म्याहून थोडी मोठी, ११ इंचीवर सुमारे ७० टक्के. एमपीएससी-नीटच्या नोट्स, विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका वाचणाऱ्याने ११ इंचाच्या खाली जाऊ नये. स्टोरेज १२८ जीबी, रॅम निदान ६ जीबी. टायपिंग आणि एक्सेलचं काम जास्त असेल तर लॅपटॉपच घ्या.

अमळनेरहून रोज रेल्वेने जळगावला क्लासला येणाऱ्या मुलीकडे फोन असेल तर तिला वाय-फायचा टॅब पुरे. लेक्चर घरच्या नेटवर उतरवून ठेवली की गाडीत हॉटस्पॉटही लागत नाही. आठवी-नववीच्या ज्या मुलाला आई-बाबांनी मुद्दाम फोन दिलेला नाही आणि घरी राउटर नाही, त्याला सिमचा द्यावा, नाहीतर संध्याकाळी वडील शेतातून येईपर्यंत टॅब नुसता पडून राहील. पुण्यातल्या मुलाशी व्हिडिओ कॉल करायला गावी आईसाठी टॅब असेल तरी सिमचाच घ्या, कारण हॉटस्पॉट चालू-बंद करणं तिच्यावर सोपवलं की कॉल होणं थांबतं.

दुकानातून निघण्याआधी सील आपल्यासमोर फोडायला सांगा. वाय-फायचा टॅब असेल तर आपल्याच फोनच्या हॉटस्पॉटवर जोडून एक व्हिडिओ चालवा. सिमचा असेल तर आपलं सिम घाला, वाय-फाय बंद करा आणि तोच व्हिडिओ पुन्हा लावा. जीपीएस हवा असेल तर टॅब घेऊन दुकानाबाहेर मोकळ्या आभाळाखाली या, नकाशा उघडा आणि निळा ठिपका तुमच्या पायाशी येईपर्यंत एक-दोन मिनिटं थांबा. बिलावर पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, सिमचा असेल तर आयएमईआयही. डब्यावरचा, टॅबमधला आणि बिलावरचा, तिन्ही आकडे जुळले की मगच पैसे द्या.