घरचा लॅपटॉप, ऑफिसचं काम : हा धोका आला कुठून

घरच्या कॉम्प्युटरवर ऑफिसचं काम करायची पद्धत कोरोनात आली असं बरेच जण धरून चालतात. मराठवाड्यात तरी तसं नाही. आपल्याकडं शाळेचं, ग्रामपंचायतीचं, पतसंस्थेचं काम स्वतःच्या मशीनवर करायची सवय त्याच्या लई आधीची आहे आणि ती कुणी हौसेनं लावून घेतलेली नाही. लोडशेडिंगची ती वर्षं आठवा, दिवसा ऑफिसात लाइट नाही, इन्व्हर्टर असलाच तर त्याच्यावर एक पंखा, मग फाइल पेनड्राइव्हमध्ये घ्यायची आणि रात्री लाइट आली की घरी नाहीतर चौकातल्या नेट कॅफेत बसून काम उरकायचं.

व्हायरस याच वाटेनं आत आला. १९८६ मध्ये लाहोरहून निघालेला ब्रेन व्हायरस फ्लॉपीतून पसरला होता, आपल्या काळात फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह आला एवढाच फरक. २००८ च्या शेवटी आलेला कॉन्फिकर नेटवर्कमधून पसरायचाच, पण पुढं ऑटोरनचा फायदा घेऊन पेनड्राइव्हमधूनही पसरायला लागला, म्हणजे पेनड्राइव्ह नुसता लावला तरी काम झालं. मायक्रोसॉफ्टनं २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टासाठी अपडेट देऊन ते ऑटोरन बंद केलं, पण आपल्याकडं तो अपडेट घेणार कोण? विंडोज दुकानदारानं सीडीवरून टाकून दिलेलं, अपडेट चालू ठेवला की स्क्रीन काळा होऊन कॉपी खरी नाही म्हणून दाखवायचा, म्हणून दुकानदार अपडेट बंद करूनच मशीन हातात द्यायचा. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअरसुद्धा क्रॅक मारलेलं, म्हणजे पैसे न भरता चालावं म्हणून कुलूप तोडलेलं, आणि ते टाकताना पहिलं काम म्हणजे अँटीव्हायरस बंद करणं. माझ्या मते आपलं खरं नुकसान इथं झालं. सुरक्षेची जी दोन दारं होती ती आपण दहा-पंधरा वर्षं स्वतःच्या हातानं उघडी ठेवली. २०१७ च्या मे महिन्यात फाइली लॉक करून खंडणी मागणारा वॉनाक्राय आला तेव्हा त्याच्यावरचा अपडेट मार्चमध्येच येऊन पडला होता, तरी दीडशेच्या आसपास देशांतले कॉम्प्युटर लॉक झाले.

त्याच सुमारास २०१५ पासून शाळांची माहिती सरल या राज्य सरकारच्या साइटवर भरायला लागली. दिवसा साइट चालायची नाही, म्हणून मास्तर लोक रात्री अकरा-बाराला घरी बसून पोरांची नावं, जन्मतारखा, आधार नंबर भरायचे. लॅपटॉप कुणाचा? ज्याचा त्याचा. लॉकडाऊन लागलं तेव्हा शहरातल्या कंपन्यांना जे नवीन वाटलं ते आपल्याकडं रोजचंच होतं.

मोठ्या कंपन्यासुद्धा यातून सुटल्या नाहीत. पासवर्ड सांभाळायचाच धंदा असलेल्या लास्टपासला २०२२ मध्ये दणका बसला, तो एका सीनियर इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरमधून. त्याच्यावर व्हिडिओ बघायचं जुनं सॉफ्टवेअर होतं, तिथून कीलॉगर, म्हणजे कीबोर्डवर दाबलेलं प्रत्येक बटण टिपून घेणारं सॉफ्टवेअर, घुसला आणि त्या इंजिनिअरचा मास्टर पासवर्ड गेला. कंपनीच्या पासवर्डच्या तिजोरीच्या चाव्या कंपनीत फक्त चार जणांकडं होत्या, त्यातला हा एक.

गेल्या वर्षी परभणीत ओळखीच्या एका सरांनी लॅपटॉप आणून दिला, म्हणाले, “लई हळू चालू लालंय, बघा जरा.” उघडून बघितलं तर लेकरानं गेमचं क्रॅक टाकलेलं, क्रोममध्ये शाळेच्या लॉगिनचा पासवर्ड सेव्ह केलेला आणि डेस्कटॉपवर एक्सेलमध्ये अख्ख्या वर्गाचे आधार नंबर. आजकालची माहिती चोरणारी सॉफ्टवेअरं क्रॅकमधूनच येतात आणि पहिला हात ब्राउझरच्या सेव्ह पासवर्डवरच मारतात, मशीन बंद पाडत नाहीत, म्हणून कळतही नाही. सरांना मी काय बोलणार, शाळेनं त्यांना मशीन दिलंच नव्हतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट न सांभाळणाऱ्या संस्थेला अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे, पण ती माहिती खाजगी लॅपटॉपवर पडलेली आहे हे संस्थेच्या कुठल्या रजिस्टरला लिहिलेलं नसतं.

विंडोज नव्यानं टाकलं, लेकरासाठी वेगळा युजर करून दिला, त्याला काही इन्स्टॉल करता येणार नाही असा, आणि शाळेचा पासवर्ड सरांच्या मोबाइलवरून बदलून घेतला. एक्सेलची ती फाइल मात्र त्यांना अजून लागते.