पार्श्वभूमी: बागेतली रेल्वे आणि ४५ मिलिमीटरचा रूळ

बागेत रेल्वे टाकायची म्हटलं की पहिला प्रश्न रुळाचा येतो आणि जाणकाराला विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर एकच मिळतं, ४५ मिमी. म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर, यालाच गेज म्हणतात. इथपर्यंत सोपं आहे, पण मग इंजिन बघायला गेलं की डोकं चक्रावतं, कारण याच रुळावर चालणारी इंजिनं शेजारी शेजारी ठेवली तर एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याच्या केबिनमध्ये मावत नाही, आणि दोन्ही गाड्या "४५ मिमी"च्याच. हे असं का झालं त्याची गोष्ट जर्मनीत सुरू होते.

१८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत मेर्कलिन या जर्मन खेळण्यांच्या कंपनीने चावीवर चालणारी गाडी आणि तिच्यासोबत इंग्रजी आठच्या आकाराचा, तुकडे जोडून बनवायचा ट्रॅक मांडला. त्याआधी इंग्लंडमध्ये पितळी वाफेची खेळण्यातली इंजिनं होती, पण ती सरळ जमिनीवरच धावायची आणि मागे पाण्याची ओळ सोडत जायची, म्हणून त्यांना लोक ड्रिबलर म्हणायचे. मेर्कलिनने रुळांना नंबर दिले, त्यातला एक नंबरचा गेज म्हणजे आजचा ४५ मिमी. पुढे इंग्लंडमध्ये नॉर्थहॅम्प्टनच्या, मॉडेल रेल्वे विकणाऱ्या बॅसेट-लोक यांनी न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीकडून इंग्लिश धाटणीची इंजिनं बनवून घेतली, डिझाइनला हेन्री ग्रीनली होते, आणि ज्यांच्याकडे मोठी बाग होती अशा लोकांनी स्पिरिटवर चालणारी खरी वाफेची गाडी बाहेर अंगणात काढली. पण मोठ्या मेनलाइन इंजिनाला वळायला साधारण तीन मीटरची त्रिज्या लागते. म्हणजे नुसता गोल टाकायचा तरी सहा मीटर रुंद जागा! हे प्रत्येकाच्या घरी कुठून असणार.

म्हणून गाडी हळूहळू आत गेली. आधी ३२ मिमीचा शून्य गेज आला, मग १९३५ च्या सुमारास मेर्कलिन आणि ट्रिक्स यांनी टेबलावर मावणारी १६.५ मिमीची इलेक्ट्रिक गाडी आणली आणि हा छंद एका खोलीत बसला. शिवाय त्या काळचा खेळण्यातला ट्रॅक पत्र्याचा, पावसात एक रात्र राहिला की गंज. ब्रिटनमध्ये १९४७ साली एक नंबर गेजवाल्यांनी आपली संघटना काढली म्हणून ती परंपरा टिकली, नाहीतर बाग रिकामीच राहिली असती.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. ब्रांडेनबुर्गमध्ये १८८१ पासून लेमान नावाची पत्र्याची चावीची खेळणी करणारी कंपनी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तो भाग सोव्हिएत ताब्यात गेला, कारखाना हातातून गेला, आणि मालक रिश्टर कुटुंबाने न्यूरेंबर्गला येऊन पुन्हा शून्यातून सुरुवात केली. त्याच घरातल्या एबरहार्ट आणि वोल्फगांग या भावांनी १९६८ मध्ये एलजीबी आणली, म्हणजे लेमान ग्रोस बान, लेमानची मोठी रेल्वे. मला त्यांचं खरंच कौतुक वाटतं, कारण सगळं जग गाड्या लहान करत चाललं होतं तेव्हा ही माणसं उलट दिशेला गेली आणि बागेची अडचण एकेक करून सोडवली. रूळ पितळेचे, म्हणजे गंज नाही. स्लीपर उन्हात न तडकणाऱ्या प्लास्टिकचे. आणि वळण फक्त ६० सेंटिमीटर त्रिज्येचं, बारा तुकड्यांत पूर्ण गोल, सव्वा मीटरच्या आसपास जागा मिळाली तरी गाडी फिरते.

एवढं लहान वळण कसं जमलं तर त्यांनी मोठी मेनलाइन सोडून डोंगरातल्या छोट्या लाइनच्या गाड्या निवडल्या, आखूड डबे, छोटी इंजिनं. मीटरगेज धरून १:२२.५ स्केल घेतलं, म्हणजे मॉडेल खऱ्यापेक्षा २२.५ पट लहान, १००० भागिले २२.५ केलं की ४४.४ येतात, म्हणजे जुनाच ४५ मिमीचा रूळ चालतो. गंमत बघा, त्यांचं पहिलं प्रसिद्ध इंजिन स्टाइन्झ हे ऑस्ट्रियातल्या ७६० मिमीच्या लाइनवरचं, म्हणजे हिशोबाने रूळ ३४ मिमीच्या आसपास हवा, पण ते चाललं ४५ वरच आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं.

स्केलचा गोंधळ इथूनच आहे. स्टँडर्ड गेजचं, म्हणजे १४३५ मिमीच्या मोठ्या लाइनचं मॉडेल करायचं तर १:३२, अमेरिकेतली तीन फुटी लाइन करायची तर १:२०.३, काही अमेरिकन कंपन्यांनी १:२९ सुद्धा घेतलं, रूळ मात्र सगळ्यांचा तोच. म्हणून नवीन माणसाने आधी स्केल ठरवावं, इंजिन नंतर घ्यावं, नाहीतर स्टेशनच्या दारात माणूस वाकून शिरतोय असं दिसतं.

पितळेलासुद्धा काळपट थर येतो आणि करंट रुळातूनच येतो म्हणून तो घासावा लागतोच. माझ्या लाइनवर पावसाळ्यानंतर पहिला रविवार यातच जातो, रुळाचा माथा घासायचा, मग जॉइनर, म्हणजे रुळाचे तुकडे जोडणाऱ्या पट्ट्या, एकेक सैल करून आतली माती काढायची, कारण गाडी थांबते ती नेहमी जोडावर. म्हणून बरेच जण आता बॅटरी डब्यात ठेवून रिमोटने चालवतात. एलजीबी कंपनी २००६ मध्ये दिवाळखोरीत गेली, २००७ मध्ये मेर्कलिनने घेतली, गाड्या अजून निघतात.

आपल्याकडच्या लोकांना माथेरानची गाडी करायची असते, साहजिक आहे. पण ती लाइन दोन फुटी, ६१० मिमी, त्यामुळे वर सांगितलेल्या स्केलांत ती ४५ च्या रुळावर बसत नाही. ब्रिटनमध्ये दोन फुटी लाइनसाठी एका फुटाला १६ मिमी असं स्केल चालतं, त्यात रूळ येतो बरोब्बर ३२ मिमी. चढ मात्र जपून, खऱ्या लाइनला १:२० चा चढ आहे, म्हणजे २० मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, आणि बागेत १:५० पेक्षा जास्त चढ दिला की चाकं घसरू शकतात. माथेरानची मूळ चार वाफेची इंजिनं जर्मनीच्या ऑरेन्स्टाइन अँड कोप्पेलची, चाकांचा पुढचा आणि मागचा आस वळणावर बाजूला सरकू शकेल अशी रचना. त्यातलं एक नेरळला ठेवलंय, मोजमापं घ्यायची तर टेप घेऊन तिथे जावं.