वीसच्या रेघेवर नेमकी किती युनिट?

डॉक्टरांनी २० युनिट इन्सुलिन लिहिलंय. हातातल्या व्हायलवर, म्हणजे इन्सुलिनच्या बाटलीवर, ‘४० आययू (युनिट) प्रति मिली’ छापलंय आणि ट्रेमध्ये नारिंगी टोपीची सिरिंज आहे. वीसच्या रेघेपर्यंत औषध ओढलं, तर रुग्णाला किती युनिट मिळतील?

जीएनएम (नर्सिंग पदविका), बी.एस्सी. नर्सिंग किंवा नॉरसेटची (एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरती परीक्षेची) तयारी करणाऱ्या प्रत्येकाने हे गणित कागदावर मांडून बघावं. नारिंगी टोपीची सिरिंज १०० आययूच्या इन्सुलिनसाठी आखलेली असते, त्यामुळे तिच्यावरची वीसची रेघ म्हणजे ०.२ मिली. ४० ताकदीच्या औषधाच्या ०.२ मिलीमध्ये फक्त ८ युनिट बसतात. आता उलटं करून बघा. १०० ताकदीचं औषध लाल टोपीच्या, म्हणजे ४० आययूच्या सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत घेतलं, तर ते भरतं ०.५ मिली आणि रुग्णाच्या अंगात जातात ५० युनिट. लिहिलेल्या डोसच्या अडीचपट! पहिल्या चुकीत साखर चढत राहते. दुसरीत रुग्ण तासाभरात बेशुद्ध होऊ शकतो.

अमेरिकी प्रश्नसंचांमध्ये बहुधा १००चंच इन्सुलिन गृहीत धरलेलं असतं, म्हणून हा सापळा तिथे भेटत नाही. आपल्याकडे मात्र दोन्ही ताकदी शेजारी शेजारी नांदतात. व्हायल बहुतेक वेळा ४०ची, इन्सुलिन पेनचं कार्ट्रिज १००चं. ग्लार्जिन या दिवसभर चालणाऱ्या इन्सुलिनच्या १००च्या व्हायलही मिळतात, त्यामुळे ‘व्हायल म्हणजे ४०’ असं धरून चालू नका. दर वेळी आधी लेबल वाचा, मग टोपीचा रंग बघा. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमध्ये सुई खुपसून सिरिंजने औषध ओढायचं नाही. त्या ३ मिलीत ३०० युनिट असतात, आणि घाईत हाताशी लागते ती लाल टोपीचीच सिरिंज. डोस टिपून घेताना ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहा. आकड्याला चिकटलेला इंग्रजी ‘यू’ शून्यासारखा दिसतो आणि ६चे ६० होतात.

आता वेळेकडे वळू. ‘सकाळी साडेसातला एनपीएच दिलं, रुग्णावर सर्वांत जास्त लक्ष कधी ठेवाल?’ हा प्रश्न रूप बदलून पुन्हा पुन्हा येतो. एनपीएच हे मध्यम गतीचं इन्सुलिन. त्याचा जोर साधारण ४ ते १२ तासांनी असतो, म्हणजे दुपार आणि संध्याकाळ. रेग्युलर इन्सुलिन अर्ध्या तासात लागू होतं आणि २ ते ४ तासांनी जोरात असतं. झटपट काम करणारी लिस्प्रो, अ‍ॅस्पार्ट पंधरा मिनिटांत सुरू होतात, म्हणून जेवणाचं ताट समोर आल्यावरच ते टोचायचं. ग्लार्जिनला ठळक शिखर नसतं आणि ते दुसऱ्या कुठल्याही इन्सुलिनमध्ये मिसळत नाहीत. वॉर्डात घोळ होतो तो असा: मिक्स्टार्ड (रेग्युलर आणि एनपीएचचं तयार मिश्रण) टोचून झालं, तेवढ्यात रुग्णाला सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवायचा निरोप आला. म्हणून टोचण्याआधी आजची तपासणी आणि जेवणाची वेळ विचारा.

रेग्युलर आणि एनपीएच एकाच सिरिंजमध्ये घ्यायचं असेल, तर आधी धुरकट एनपीएचच्या व्हायलमध्ये हवा सोडा, मग स्वच्छ रेग्युलरमध्ये. औषध ओढताना मात्र आधी स्वच्छ, नंतर धुरकट. स्वच्छ व्हायलमध्ये एनपीएचचा थेंब गेला, तर ती पूर्ण व्हायल बिघडते. एनपीएच हलवताना तळहातांमध्ये हलके फिरवा. जोरात खळखळवलं की फेस येतो आणि मोजमाप चुकतं.

रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की शरीर दोन टप्प्यांत बोलतं. आधी अ‍ॅड्रेनालिन खवळतं: हात थरथरतात, छाती धडधडते, दरदरून घाम फुटतो, कडकडून भूक लागते. साखर आणखी उतरली की मेंदूच उपाशी पडतो. जीभ जड होते, रुग्ण असंबद्ध बोलतो, उगाच चिडतो, फिट येते. म्हातारा रुग्ण ‘आज विचित्र वागतोय’ असं नातेवाइकांनी सांगितलं, तर ग्लुकोमीटर आधी आणा. परीक्षकांची आवडती गोम अशी, की रक्तदाबासाठी प्रोप्रॅनोलॉलसारखा बीटा ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम मात्र येतोच. ओलं कपाळ हीच खूण उरते.

रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम साखर द्या. चहाच्या चमच्याने तीन ते चार सपाट चमचे, पाण्यात विरघळवून. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७०च्या खाली असेल तर परत तेवढीच द्या. चॉकलेट किंवा पेढा नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. आणि एक गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची: रुग्ण व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेत असेल, तर घरातली साखर लवकर काम करत नाही. या गोळ्या साखर फोडणारं आतड्यातलं विकर अडवतात. तिथे ग्लुकोजची पावडरच हवी. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही, कारण ते फुप्फुसात जाईल. दवाखान्यात शिरेतून डेक्स्ट्रोज देतात. शीर सापडत नसेल आणि ग्लुकागॉन उपलब्ध असेल, तर प्रौढांना १ मिलिग्रॅम स्नायूत.

रुग्णशिक्षणाच्या प्रश्नात ‘समजलं का?’ विचारणारा पर्याय कधीच बरोबर नसतो. सगळे ‘हो’च म्हणतात. ‘मावशी, उद्या सकाळी घरी कसं घ्याल ते मला करून दाखवा’ असं म्हणा आणि हात बघत राहा. मग दिसतं की त्या रोज एकाच जागी टोचतात, कारण तिथे दुखत नाही. तिथे बोटांनी चाचपलं तर रबरासारखी गाठ लागते. त्या गाठीतून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. बेंबीभोवतीची दोन इंच जागा सोडायची आणि दर वेळी बोटभर सरकायचं. पेन असेल तर आधी २ युनिट हवेत सोडून थेंब येतो का बघायचं आणि टोचल्यावर दहा मोजून मगच सुई काढायची.

चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार यांबद्दल तुम्हीच विचारा, रुग्ण आपणहून सांगत नाही. उपवासाच्या दिवशीचा डोस डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. उलट्या होत असतील, जेवण जात नसेल, तरी टाइप वनच्या (ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही अशा) रुग्णाने इन्सुलिन आपल्या मनाने पूर्ण बंद करायचं नाही, हेही बजावून सांगा.

नवी व्हायल २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्याला टेकून गोठलेली व्हायल वितळल्यावर तशीच दिसते, पण ती फेकूनच द्यायची. वापरात असलेली बाटली सावलीत साधारण चार आठवडे टिकते, म्हणून उघडल्याची तारीख लेबलवर पेनने लिहून द्या. विदर्भातल्या मे महिन्यात फ्रिज नसेल, तर बाटली कोरड्या प्लॅस्टिकच्या डबीत घालून ती डबी ओल्या माठात ठेवायला सांगा.