पुस्तकातली पिवळी चिठ्ठी : आमच्या सभासदांसाठी माहिती

आमच्या वाचनालयातून कादंबरी किंवा आत्मकथन घरी नेलंत की मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली दिसते. ही चिठ्ठी कोण लिहितं, आणि तिच्यावर किती भरवसा ठेवायचा, असं नव्या सभासदांनी अलीकडे बऱ्याचदा विचारलं. म्हणून हे पत्रक.

वाचनालय आम्ही दोघं नवराबायको चालवतो. हिशेब आणि घरपोच पुस्तकांची फेरी ते बघतात, चिठ्ठ्या मी लिहिते. पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचून झाल्याशिवाय चिठ्ठी लिहीत नाही. मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून घेत नाही, आणि पुरस्कार मिळालाय म्हणून चांगलं म्हणत नाही. चिठ्ठीवर पुस्तक कशाबद्दल आहे ते दोन ओळींत असतं, मग मला काय वाटलं ते, आणि शेवटी हे पुस्तक कोणत्या दिवसांत हातात घेऊ नये ते.

ही शेवटची ओळ मी एका चुकीतून शिकले. एका सभासदांच्या घरी मोठं आजारपण चालू होतं. ते आले, म्हणाले, ‘काहीतरी चांगलं द्या.’ मी उद्धव शेळके यांची ‘धग’ काढून दिली. १९६० सालची ही कादंबरी माझ्या मते मराठीतल्या पहिल्या पाचांत बसते. पण त्यात आहे काय? कौतिक नावाची बाई, शिंपीकाम करणारा तिचा नवरा महादेव, बरे दिवस येतील या आशेने तिने आपल्या माहेरच्या गावी हलवलेला संसार, आणि मग नवऱ्याला जडलेला महारोग. दोन दिवसांत पुस्तक परत आलं. ते काही बोलले नाहीत, काउंटरवर ठेवून निघून गेले. घरात औषधांच्या वेळा सांभाळणाऱ्या माणसाला मी हे दिलं, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून कपाटाकडे वळण्याआधी मी विचारते, ‘सध्या घरी सगळं बरं आहे ना?’ या विचारण्यात चौकशीचा हेतू नसतो. पुस्तक निवडायला त्याचा उपयोग होतो.

‘धग’मधली माणसं वऱ्हाडी बोलतात. पहिली दहा-बारा पानं मोठ्याने वाचा, जीभ वळली की पुढे अडत नाही. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातल्या, कानावर अहिराणी असलेल्या सभासदांना ती लवकर उमजते असा माझा अनुभव आहे.

आता आत्मकथनांबद्दल, कारण सगळ्यात जास्त प्रश्न तिथेच येतात. ‘खरं लिहिलंय का?’ हा पहिला प्रश्न. लेखकाच्या घरात जाऊन खरंखोटं करणं मला शक्य नाही. मी एवढंच बघते, की लिहिणाऱ्याने स्वतःच्या गैरसोयीचं काही सांगितलंय का. दुसऱ्यांनी केलेला अन्याय सांगणं अवघड असतं हे मान्य. पण आपण कोणाशी कसे वागलो हे सांगणं त्याहून अवघड. दया पवार यांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं. त्यात गावच्या महारवाड्याचं आणि मुंबईतल्या कावाखाना या वस्तीचं जगणं आहेच, पण पहिल्या बायकोशी आपण कसे वागलो हेही त्यांनी झाकलेलं नाही. ती पानं वाचताना मला लेखकाचा राग आला, आणि त्याच पानांमुळे बाकीच्या पुस्तकावरचा माझा विश्वास पक्का झाला. चिठ्ठीवर मी हे दोन्ही लिहिलंय.

या कसोटीवर माझ्या मते सगळ्यात वर राहतं ते ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळक आपल्या नाशिकच्याच. १८६८ साली जलालपूरला गोखल्यांच्या घरात जन्म, अकराव्या वर्षी लग्न, शाळा जवळजवळ नाहीच. वडिलांना सोवळ्याचं अक्षरशः वेड, त्यात अख्खं घर होरपळलेलं. नवरा कवी, मनाला येईल तसा निघून जाणारा, हातात पैसा न टिकणारा. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि या बाईचा संसार मधोमध तुटला. नवऱ्यापासून काही वर्षं वेगळी राहिली. मग परत त्याच्याजवळ गेली, आणि १९०० साली स्वतःही ख्रिस्ती झाली.

नुसती हकिगत ऐकली तर वाटेल, पानोपानी रडं असेल. तसं अजिबात नाही. आपली भांडणं, आपला तिखटपणा, आपली फजिती, सगळं ती एकाच सुरात सांगते, जणू ओट्यावर भाजी निवडता निवडता शेजारणीला सांगतेय. नवऱ्यावर रागावते तेव्हा त्याचं मोठेपण विसरत नाही, आणि त्याचं मोठेपण सांगताना आपला राग लपवत नाही. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो भाग म्हणजे तिच्या मनातून जातपात कशी गेली तो. धर्म बदलण्याआधीच जातपात मनातून जाते. कोणी उपदेश केला म्हणून नव्हे. बाई स्वतःशी विचार करते, आतल्या आत भांडते, आणि एकदा पटलं की मागे बघत नाही. सोवळ्यापायी होरपळलेल्या घरातली ही मुलगी, हे लक्षात ठेवून तो भाग वाचा.

हे पुस्तक १९३४ पासून भागाभागाने आलं. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या, तेव्हा चौथा भाग अपुरा होता. तो त्यांच्या मुलाने, देवदत्त टिळकांनी, पुरा केला. शेवटाकडे आवाज बदलल्यासारखा वाटला तर त्याचं कारण हे. संक्षिप्त आवृत्तीही मिळते, पण सवड असेल तर पूर्णच न्या. यातली गोडी बारीकसारीक गोष्टींत आहे, आणि काटछाट होते ती त्यांचीच.

आमच्या एक सभासद काकू पंचवटीत राहतात. त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ नेलं आणि जवळजवळ तीन महिने आणलं नाही. फोन केला तर म्हणाल्या, सासूबाईंना दिसत नाही, रोज दुपारी जेवणानंतर दोन पानं वाचून दाखवते, आणि त्या कधी कधी कालचीच पानं परत वाचायला लावतात. पुस्तक परत आलं तेव्हा कडांना हळदीचे डाग होते, आणि चिठ्ठीखाली पेन्सिलीने थरथरत्या अक्षरांत एक शब्द होता : ‘खरं.’ सासूबाईंनी सुनेकडून हात धरवून घेऊन लिहिला होता. तो मी पुसलेला नाही. विलंब आकारही घेतला नाही, आणि असं कारण असेल तर तो कोणाकडूनच घेत नाही. फक्त कळवा.

ओझरच्या सभासदांनी नरेंद्र जाधव यांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) मागितलं नाही तर मी स्वतःहून पुढे करते. यातला बाप, दामोदर जाधव, ओझरचाच. गाव सोडून मुंबईला गेला, पोरांना शिकवलं, आणि निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहावरून स्वतःच्या आठवणी लिहून काढल्या. त्या लिखाणावर हे पुस्तक उभं आहे. मुलगा अर्थतज्ज्ञ झाला हे आपण कौतुकाने सांगतो. माझ्या मते पुस्तकाचा जीव बापाच्या बोलण्यात आहे. तो बोलतो तेव्हा सावकाश वाचा.

ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’ (२००३) त्याच कप्प्यात ठेवलंय. आयदान म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपं. कोकणातली त्यांची आई ती विणून घर चालवायची. बाईच्या घरातल्या आणि चळवळीतल्या जागेबद्दल त्या जे लिहितात ते मैत्रिणी-मैत्रिणींनी मिळून वाचावं असं आहे. भिशीच्या गटांना मी हे आवर्जून देते.

सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) नेणारे बरेच जण पु. लं.चे किस्से मिळतील म्हणून नेतात आणि हिरमुसून परत आणतात. ते पुस्तक बेचाळीसच्या चळवळीत उतरलेल्या, स्वतःचं वेगळं मन असलेल्या एका बाईचं आहे. तसं समजून न्या.

कादंबऱ्यांकडे येते. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा मागणी एकदम वाढली. धरणामुळे गाव उठतं, माणसं नव्या जागी जातात, आणि मागे राहिलेल्या म्हशीचा शोध सुरू होतो. गोष्ट म्हणून एवढंच. पण जंगल, जनावर आणि माणूस यांच्यातला तो पाठलाग मी एका रात्रीत संपवला आणि दुसऱ्या दिवशी वाचनालय उशिरा उघडलं. नाशिककरांनी ती वाचावी याला एक कारण आहे. आपल्या नळाला येणारं पाणी बहुतांशी गंगापूर धरणाचं. धरणाच्या पोटात कोणाची तरी शेतं आणि घरं गेलेली असतात, हे पेला भरताना मला आता आठवतं. भाषा कोल्हापुरी मातीची आहे, सुरुवातीला अडाल, पण सोडू नका.

दिंडोरी-निफाडकडच्या सभासदांना मी सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ सुचवते. शिकून नोकरी न लागलेला मुलगा आणि न परवडणारी शेती एवढ्यावर ती उभी आहे. मधले काही भाग लांबलेत असं माझं मत आहे. द्राक्षबागा असलेल्या एका सभासदांनी ते खोडून काढलं. ते म्हणाले, ‘ताई, लांबत नाही, आमचं वर्ष तसंच जातं.’ त्यांचं म्हणणं मी चिठ्ठीवर माझ्या मताखाली लिहून ठेवलंय.

कॉलेजची मुलं ‘कोसला’ नेतात आणि चाळीस पानांत परत आणतात. नायक पांडुरंगच्या बोलण्यात सारख्या येणाऱ्या ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ने कंटाळतात. त्यांना माझं एकच सांगणं : त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूपर्यंत जा. १९६३ साली भालचंद्र नेमाडे यांनी लिहिलेली ती पानं वाचून कळतं, की हा पोरगा आधी एवढा तुटक का बोलत होता. त्यानंतर आवडली नाही तर खुशाल परत करा.

माझं मत तुम्हाला पटलं नाही तर चिठ्ठीखालच्या कोऱ्या जागेत तुमचं लिहा. नाव घालायची गरज नाही. पेन्सिल वापरा, आणि पुस्तकाच्या पानांवर मात्र लिहू नका. आमच्याकडे नसलेलं जुनं पुस्तक हवं असेल तर सार्वजनिक वाचनालयात जरूर विचारा. १८४० पासूनची संस्था आहे, आमच्या छोट्या कपाटांत न मावणारं तिथे सापडतं.

एका वेळी दोन पुस्तकं मिळतात. शक्य तर एक कादंबरी आणि एक आत्मकथन न्या. घरपोच फेरी रविवारी सकाळी निघते, शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवलं तर पुस्तक पिशवीत पडतं. पावसाळ्यात परत देताना प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या. ‘धग’ आणि ‘रिंगाण’ सध्या बाहेर आहेत, हवी असतील त्यांनी काउंटरवरच्या वहीत नाव लिहून ठेवावं.