बगॅसची वीज आणि ‘प्रदूषणमुक्त’ हा शिक्का
साखर कारखान्यात बगॅस जाळून होणारी वीज पूर्णपणे प्रदूषणमुक्त असते, हा वर्षानुवर्षे फिरणारा समज अर्धाच खरा आहे. एक टन ऊस गाळला की सुमारे २८० ते ३०० किलो चोथा, म्हणजेच बगॅस निघतो. पण त्याचे जवळपास निम्मे वजन पाण्याचे असल्यामुळे बॉयलरमधली बरीच उष्णता ते पाणी उडवण्यातच खर्ची पडते. जळताना सुटणारा कार्बन पुढच्या हंगामाचा ऊस शोषून घेतो, हे मान्य. मात्र चिमणीतून उडणारी आणि आसपासच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काजळी कोणताही ऊस शोषत नाही. त्या उसाला दिलेल्या पाण्याचा आणि खताचा हिशेब तर सहसा मांडलाच जात नाही. शिवाय गाळप संपून साठवलेला बगॅस सरला, की ही वीज थांबते.