गंडमाळा

गंडमाळा म्हणजे मानेतल्या लसिकाग्रंथी (जंतूंशी लढणाऱ्या शरीरातल्या छोट्या गाठी) सुजून माळेसारख्या एकाखाली एक गाठी येणं, आणि आजच्या डॉक्टरी भाषेत बहुतेक वेळा त्या ग्रंथींचा टीबी. घसा धरला, दाढ किडली, डोक्यात फोड झाले की जबड्याखाली दुखरी गाठ येते ते अवधाण, ते वेगळं. मूळ कारण गेलं की सहसा दोन-तीन आठवड्यांत उतरतं.

नावांचा मात्र घोळ आहे. चरकसंहितेत गळ्याच्या बाजूला एक गंड, म्हणजे गाठ, तो गलगंड आणि पुष्कळ गंड ती गंडमाला. सुश्रुतसंहितेत (हिचा काळ एका शतकात बसवणं अवघडच) निदानस्थानात, म्हणजे रोग ओळखण्याच्या भागात, अपची नावाचा रोग येतो, आवळ्याच्या बीएवढ्या किंवा माशाच्या अंड्यांच्या जाळीसारख्या गाठी, काही फुटून वाहतात, काही जिरतात, नव्या येतात, असं वर्षानुवर्षं. माधवनिदान हा रोग ओळखण्यावरचा आयुर्वेदाचा ग्रंथ, जो साधारण 7व्या-8व्या शतकातला धरतात, त्यात बोराएवढ्या-आवळ्याएवढ्या, सावकाश पिकणाऱ्या गाठी म्हणजे गंडमाला, आणि त्याच फुटायला लागल्या की अपची. काही जण हे दोन रोग मानतात, पण एकाच रोगाच्या दोन पायऱ्या हे जास्त पटतं, कारण टीबीची गाठ अशीच वागते, आधी न दुखता वाढते, शेजारच्या गाठींना चिकटते, मग मऊ होऊन कातडीतून फुटते. तरी जुनी सगळी गंडमाळा टीबीच होती असं म्हणता येत नाही, टीबीचा जंतूच मुळी रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञानं 1882 मध्ये दाखवला, त्याआधी कॅन्सरच्या गाठीही याच नावाखाली गेल्या असणार.

दोन-तीन आठवड्यांनंतरही न उतरणारी, वाढत जाणारी, दगडासारखी टणक, बोटाखाली न हलणारी गाठ डॉक्टरला दाखवावीच. सोबत संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन उतरणं असेल तर लगेच. गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या (हसळीच्या) वरची गाठ लहान असली तरी सोडू नये, डावीकडची कधीकधी पोटातल्या कॅन्सरची असते. आणि तंबाखू-मिश्री लावणाऱ्यांनी तोंडातली न भरणारी जखमही तपासून घ्यावी. लेप लावत महिने घालवू नयेत.

रोगाचं निदान गाठीत सुई घालून घेतलेल्या नमुन्यावर होतं, सरकारी केंद्रात टीबीची औषधं फुकट मिळतात, कोर्स साधारण 6 महिन्यांचा. औषधं चालू असताना गाठ मध्येच मोठी होऊ शकते, ते डॉक्टरला सांगावं, पण आपल्या मनानं गोळ्या बंद करू नयेत.